उंदरावरची पिसू, काचेची बरणी आणि प्लेगचं कोडं सोडवणारा फ्रेंच डॉक्टर

ऑगस्ट १९९४. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. लातूर आणि उस्मानाबादच्या पट्ट्यात पत्र्याच्या शेडमधलं जगणं अजून संपलं नव्हतं. अशात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला नावाच्या छोट्या गावातून तक्रार आली, की गावात पिसवा फार झाल्यात. पिसवांचा त्रास खेड्यात नवा नाही, त्यामुळे आधी कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. मग उंदीर मरून पडायला लागले. आणि सप्टेंबर उजाडता उजाडता माणसांना ताप यायला लागला, जांघेत आणि काखेत गाठी दिसायला लागल्या.

आधी पिसवा, मग उंदीर, मग माणसं. नांदेड-लातूरकडच्या म्हाताऱ्या माणसांना हा क्रम कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मराठीत 'उंदीर पडणं' हा शब्दप्रयोगच प्लेगमधून आलाय. आढ्यावरून उंदीर पडायला लागले की लोक घराला कुलूप लावायचे, गुरंढोरं घ्यायचे आणि शेतात खोपटी बांधून राहायचे. महिना-दोन महिन्यांनी साथ ओसरली की परत गावात.

पण उंदीर मेल्यावर माणूस का मरतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. गावकऱ्यांना नाही, मुंबईच्या डॉक्टरांना नाही आणि लंडनच्या सरकारलाही नाही. ते शोधून काढलं एका फ्रेंच डॉक्टरनं, तेही आपल्याकडच्या साथीत, मुंबई आणि कराचीत फिरून. त्यांचं नाव पॉल-लुई सिमाँ. जगभरातल्या वैद्यकशास्त्राच्या इतिहासात हे नाव ठळक आहे. आणि गंमत म्हणजे, ज्या काळात त्यांनी हा शोध लावला तो काळ प्रत्येक मराठी माणसाला तोंडपाठ आहे. रँड, चापेकर बंधू, टिळकांचा खटला, सावित्रीबाईंचा मृत्यू, हे सगळं त्याच साथीतलं.

कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून सुरुवात

सिमाँ यांचा जन्म १८५८ चा. फ्रान्सच्या आग्नेय भागात द्रोम नावाचा जिल्हा आहे, तिथल्या बोफोर या लहानशा गावचा. बोर्दो शहरात त्यांनी वैद्यकीचं शिक्षण घेतलं, पण ते पूर्ण होण्याआधीच म्हणजे १८८२ मध्ये ते अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात पोहोचले. काम काय, तर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीची जबाबदारी. वय वर्षं २४.

तिथं ते चार वर्षं राहिले. याच मुक्कामात त्यांना पीतज्वर होऊन गेला. सौम्य होता, म्हणून वाचले. पण हा आजार एकदा झाला की पुन्हा होत नाही, आणि ही गोष्ट पुढं त्यांच्या फार कामी येणार होती. परत येऊन १८८७ मध्ये त्यांनी कुष्ठरोगावरच प्रबंध लिहिला आणि डॉक्टरकी मिळवली. मग फ्रेंच वसाहतींच्या आरोग्य सेवेत चीनची सरहद्द आणि व्हिएतनाम असा मुक्काम झाला. तो भाग प्लेगचा जुना बालेकिल्ला.

१८९५ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले. तिथं मेचनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेत ते परजीवींचा अभ्यास करत होते. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्या जिवावर जगणारे जीव. सिमाँ यांच्या पुढच्या कामाची चावी इथंच आहे. त्यांच्या काळातले बहुतेक डॉक्टर रोगी बघायचे, फार तर जंतू बघायचे. परजीवी एका प्राण्यातून दुसऱ्या प्राण्यात कसा जातो, वाटेत तिसरा कुणी लागतो का, हा प्रश्न मात्र सिमाँ यांच्या डोक्यात आधीपासून होता.

जंतू सापडला होता, वाट सापडली नव्हती

प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला. शोधणारे अलेक्झांडर येर्सिन, तेही पाश्चर इन्स्टिट्यूटचेच. मेलेल्या उंदरांमध्येही तोच जंतू असतो हेही त्यांनी पाहिलं होतं. पण उंदरातून माणसात तो येतो कसा, हे कळलेलं नव्हतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि हाहाकार सुरू झाला. लोक मुंबई सोडून पळायला लागले. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. लस म्हणजे ढाल होती, पण रोग कुठल्या वाटेनं येतो हे लसही सांगू शकत नव्हती.

मग सरकारनं काय केलं? जे समजलं नव्हतं तिथं बळ वापरलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, तोच जो सव्वाशे वर्षांनी कोरोनात पुन्हा वापरला गेला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या समितीनं गोऱ्या सोल्जरांना घराघरांत घुसवलं. माजघरापर्यंत झडत्या झाल्या, सामान बाहेर काढून जाळलं गेलं, माणसं उचलून इस्पितळात आणि विलगीकरण छावणीत नेली गेली. भिंतींना चुना, गटारांना फिनेल. सरकारची समजूत अशी, की रोग घाणीत आहे, जमिनीत आहे, माणसाच्या कपड्यालत्त्यात आहे. भारतीय लोक अनवाणी चालतात म्हणून पायाच्या जखमांतून जंतू शिरतात, असंही छातीठोकपणे सांगितलं जायचं.

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णसेवा करता करता प्लेगनंच गेल्या. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढं टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. एवढं सगळं घडलं, आणि ज्या घरांची झडती घेतली जात होती तिथला खरा वाहक सोल्जरांच्या बुटाखालच्या धुळीत होता. दोन-तीन मिलिमीटरचा.

फोडावरून सुरू झालेला संशय

याच १८९७ मध्ये सिमाँ मुंबईत उतरले. येर्सिन इथं प्लेगवरचं सिरम घेऊन आले होते, त्यांची जागा घ्यायला सिमाँना पाठवलं होतं. सिरमचे निकाल काही फार समाधानकारक नव्हते. सिमाँ रुग्णांना सिरम टोचत होते आणि टोचता टोचता त्यांना नीट तपासतही होते.

त्यांच्या लक्षात एक बारीक गोष्ट आली. काही थोड्या रुग्णांच्या अंगावर, आजाराच्या अगदी सुरुवातीला, एक छोटा पाण्याचा फोड दिसायचा. बहुतेकदा पायावर किंवा जिथं कातडी पातळ असते अशा ठिकाणी. आणि गाठ यायची ती त्या फोडाच्या जवळच्याच भागात. म्हणजे फोड पायावर असेल तर गाठ त्याच बाजूच्या जांघेत. सिमाँनी फोडातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यात प्लेगचे जंतू होते.

म्हणजे जंतू अंगात शिरण्याचं दार हेच. आता असं बारीक दार उघडतं कोण? घाण उघडत नाही, दूषित हवा उघडत नाही. असा फोड उठतो तो काहीतरी चावल्यावर.

दुसरा धागा मेलेल्या उंदरांचा. लोकरीच्या एका कारखान्यात एके सकाळी जमिनीवर मेलेल्या उंदरांचा खच दिसला. वीस मजुरांना ते उचलून फेकायला सांगितलं गेलं. तीन दिवसांत त्यातल्या दहा जणांना प्लेग झाला. त्याच कारखान्यातल्या, उंदरांना हात न लावलेल्या मजुरांना काही झालं नाही.

पण सिमाँना असंही दिसलं, की मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलला तर काही होत नाही. ताजा मेलेला उंदीर मात्र घातक. जंतू तर दोन्हीत असतात. मग फरक कशाचा?

फरक पिसवांचा. धडधाकट उंदीर अंग खाजवून, चाटून पिसवा काढून टाकतो, त्याच्या अंगावर त्या मोजक्याच असतात. आजारी उंदीर सुस्त होतो, त्याला अंग साफ ठेवता येत नाही आणि पिसवा माजतात. उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, आणि पिसवेला तर गरम रक्त लागतं. मग ती उतरते आणि जे पहिलं गरम अंग जवळ येईल त्याच्यावर उडी मारते. दुसरा उंदीर असला तर उंदीर, माणूस असला तर माणूस. काही तासांनी त्या मेलेल्या उंदरावर पिसूच उरलेली नसते, म्हणून तो निरुपद्रवी.

सिमाँनी प्लेगनं मेलेल्या उंदरांवरच्या पिसवा गोळा केल्या, त्यांची पोटं तपासली. आत प्लेगचे जंतू. जवळपास याच काळात जपानी शास्त्रज्ञ मासानोरी ओगाता यांनीही फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानमध्ये, पिसवांमध्ये जंतू पाहिले होते. पण पोटात जंतू असणं वेगळं आणि पिसूनं तो दुसऱ्याला देणं वेगळं. ते डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

कराचीची बरणी

मुंबईनंतर सिमाँ कच्छमधल्या मांडवीत जाऊन आले (मुंबईतली मांडवी वेगळी, ही वेगळी, प्लेग दोन्हीकडे) आणि १८९८ मध्ये कराचीत पोहोचले. तिथं मुक्काम रेनॉल्ड्स हॉटेलात. धड प्रयोगशाळा नाही, माणूसबळ नाही. होतं ते जिद्दीचं सामान.

प्रयोग असा. एक मोठी काचेची बरणी घेतली, तळाला वाळू पसरली. प्लेग झालेल्या माणसाच्या घरातून आजारी उंदीर पकडून आणला आणि बरणीत सोडला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच, पण कमी पडायला नकोत म्हणून सिमाँनी एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा काढून त्यात घातल्या. शास्त्राच्या इतिहासातल्या मोठ्या प्रयोगात मांजराचाही असा वाटा आहे.

एका दिवसानं आजारी उंदीर अंगाचं वेटोळं करून शेवटच्या घटका मोजत होता. आता सिमाँनी एका छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात धडधाकट उंदीर घातला आणि तो पिंजरा बरणीत वाळूच्या थोडा वर टांगला. दोन्ही उंदीर एकमेकांना शिवू शकत नव्हते. निरोगी उंदराला खालच्या वाळूला तोंड लावता येत नव्हतं. जाळीतून जाऊ शकत होती ती फक्त पिसू.

आजारी उंदीर मेला. सिमाँनी त्याला आणखी एक दिवस तसंच ठेवलं, म्हणजे पिसवांना उतरायला वेळ मिळेल. मग वाट बघणं. चार दिवस वरचा उंदीर ठणठणीत. पाचव्या दिवशी त्याला हालता येईना. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो मेला. त्याला उघडून पाहिलं तर आत प्लेगच्या गाठी होत्या, आणि रक्तात, यकृतात, मूत्रपिंडात जंतूच जंतू.

२ जून १८९८ ही या प्रयोगाची तारीख. सिमाँ तेव्हा ३९ वर्षांचे होते. माणसाला शेकडो वर्षं छळणाऱ्या रोगाचं गुपित आपल्या हाती लागलंय, हे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं.

त्यांनी उलटा प्रयोगही केला. पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदराजवळ ठेवला. काहीही झालं नाही. शास्त्रात हा उलटा प्रयोगच महत्त्वाचा. पिसू काढा, प्लेग थांबतो.

आणि कुणी ऐकलं नाही

त्याच वर्षी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात सिमाँचा लेख आला. आता वाटेल की जगानं डोक्यावर घेतलं असेल. झालं उलटंच. शास्त्रज्ञांनी नाकं मुरडली. गाली-व्हालेरिओ नावाच्या संशोधकानं तर मुद्दाच उडवून लावला, की उंदरावरची पिसू माणसाला चावतच नाही. भारतातल्या साथीचा तपास करायला नेमलेल्या ब्रिटिश प्लेग कमिशननंही आपल्या अहवालात पिसवांचं म्हणणं बाजूला सारलं.

थोडी बाजू त्यांचीही घ्यायला हवी. सिमाँचे यशस्वी प्रयोग संख्येनं कमी होते. दुसऱ्यांनी ते करून पाहिले तर जमले नाहीत, आणि त्याचं एक कारण साधं होतं. पिसू म्हणजे पिसू, अशी त्यांची समजूत. युरोपातल्या उंदरांवर जी पिसू असते ती वेगळ्या जातीची आणि ती माणसाकडे फारशी वळत नाही. मुंबई-कराचीच्या उंदरावर जी असते तिला शास्त्रीय नावसुद्धा मिळालेलं नव्हतं. ते मिळालं १९०३ मध्ये. चार्ल्स रॉथशिल्ड या प्रसिद्ध बँकर घराण्यातल्या पिसवाप्रेमी माणसानं सुदानमधून आणलेल्या नमुन्यांवरून तिचं नाव ठेवलं झेनोप्सायला किऑपिस. किऑप्स म्हणजे पिरॅमिड बांधणारा इजिप्तचा राजा. चुकीच्या पिसवेवर प्रयोग करून सिमाँ खोटे ठरवले जात होते.

पण या अविश्वासाची किंमत फार मोठी होती. सिमाँच्या लेखानंतरही वर्षानुवर्षं सरकार घरं धुत राहिलं, गटारं धुत राहिलं, लोकांना पकडत राहिलं. भारतात त्या साथीनं पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त माणसं नेली. सगळी वाचली असती असं कुणी म्हणणार नाही. पण रागावलेल्या लोकांना घरातून ओढून काढण्यापेक्षा उंदीर आणि पिसवांकडे लक्ष गेलं असतं, तर रँडच्या पुण्यातली कहाणी वेगळी झाली असती का, हा प्रश्न उरतोच.

परळच्या गोदामात सिमाँ खरे ठरले

मार्सेच्या बंदरात गोतिए आणि रेबो या दोघांनी १९०२-०३ मध्ये सिमाँचे प्रयोग पुन्हा केले आणि ते जमले. इकडं मुंबईत ग्लेन लिस्टन नावाचा डॉक्टर याच मागावर होता. लिस्टनच्या लक्षात आलं, की मुंबईच्या बागेतले गिनीपिग प्लेगनं मेले तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांवरच्या पिसवा होत्या. मग त्यानं प्लेग लागलेल्या चाळीत गिनीपिग सोडून पाहिले. चाळीतल्या पिसवा त्यांच्यावर गोळा झाल्या. चाळीतल्या माणसांच्या अंगावरून पकडलेल्या पिसवांमध्येही उंदरांवरची जात निघाली. उंदीर मेल्यावर ती माणसाकडे वळते, हे आता आपल्याच चाळीत दिसत होतं.

१९०५ पासून नव्या प्लेग तपास मंडळानं परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या आवारात, मोठ्या प्रमाणावर प्रयोग केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या जागेत गिनीपिगचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचे गिनीपिग मेले, दोन फुटांवरचे वाचले. कारण पिसवेची उडी तेवढी पोहोचत नाही. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? सिमाँच्या एका बरणीला परळनं शेकडो प्रयोगांची साक्ष दिली.

याच मंडळानं आणखी एक चिकाटीचं काम केलं. शीव, वडाळा, परळ आणि वरळी, जी तेव्हा गावं होती, तिथं वर्षभर उंदीर पकडले आणि प्रत्येक उंदरावर किती पिसवा आहेत ते महिन्यामागून महिना मोजत बसले. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, पण प्लेग दरवर्षी ठराविक महिन्यांत का येतो आणि उन्हाळ्यात का नाहीसा होतो, याचं उत्तर त्या मोजणीत होतं. पिसवा वाढल्या की काही आठवड्यांनी उंदरांत प्लेग, आणि त्यानंतर माणसांत.

पिसवेचं आयुष्य हवामानावर चालतं. तिची अंडी उंदराच्या अंगावरून बिळात, घराच्या मातीत, धान्याच्या पोत्याखाली गळून पडतात. अळी तिथल्याच धुळीत वाढते. तिला ओल लागते. एप्रिल-मे महिन्यात लातूर-नांदेडला पारा चाळीशी ओलांडतो, हवा कोरडी ठाक होते, तेव्हा अंडी आणि अळ्या वाळून मरतात, मोठी पिसूही फार दिवस तगत नाही. पाऊस पडला की चित्र बदलतं, आणि पावसाळ्याचा शेवट ते हिवाळा हे पिसवांचे सुगीचे दिवस. दख्खनच्या पठारावर प्लेग याच काळात डोकं वर काढायचा, मुंबईत मात्र समुद्रामुळं गणित थोडं वेगळं, तिथं जोर हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मामल्यातही पिसवांची तक्रार भर पावसाळ्यातच आली, हे लक्षात घ्या.

१९१४ मध्ये लंडनमध्ये बॅकॉट आणि मार्टिन यांनी शेवटचा दुवा जोडला. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्ननलिकेत वाढून गोळा होतात आणि वाट बंद करतात. पिसू भुकेली राहते, वेड्यासारखी चावत सुटते, रक्त आत जात नाही म्हणून ते जंतूसकट परत जखमेत ओकते. प्लेग देणारी पिसू स्वतः उपाशी मरत असते. आणि हा गोळा उष्णतेत टिकत नाही. साधारण २८ अंशांच्या वर तो बनणं अवघड होतं. म्हणजे उन्हाळा दोन्ही बाजूंनी प्लेगच्या विरुद्ध.

अर्थात उन्हाळ्यात रोग संपत नाही, तो खाली जातो. शेतातल्या खोल बिळात मे महिन्यातही गारवा आणि ओल टिकून असते. तिथं जर्बिल जातीचे रानउंदीर असतात, घुशी असतात. त्यांच्या अंगावरच्या पिसवांना वरच्या उन्हाचा पत्ताच नसतो. मग सुगी येते, खळ्यावर धान्य येतं, रानातला उंदीर आणि घरातला उंदीर एकाच राशीवर भेटतात, आणि एकाची पिसू दुसऱ्यावर जाते. लातूरची अडत असो की नांदेडचा कापूस, धान्य, बारदान आणि रुई यांच्याबरोबर उंदीर-पिसवांचा प्रवास होतो. प्लेग रेल्वेनं आणि बैलगाडीनं असाच पसरला होता. निजामाच्या संस्थानाची सरहद्द त्याला कधी अडवू शकली नाही.

सिमाँ कुठं होते?

परळमध्ये हे सगळं चालू असताना सिमाँ भारतात नव्हते. १८९८ मध्येच ते सायगावच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले. १९०१ मध्ये मार्शू आणि सालिंबेनी या सहकाऱ्यांबरोबर ब्राझीलला, रिओत. विषय पीतज्वर. गयानात तरुणपणी झालेला तो सौम्य आजार आता उपयोगी पडला, ते या साथीत बिनधास्त काम करू शकत होते. पीतज्वर डासामुळं पसरतो हे क्यूबातल्या अमेरिकन डॉक्टरांचं म्हणणं या तिघांनी तपासून पक्कं केलं. इथं कीटकाचा मुद्दा लोकांनी लवकर मान्य केला. डासाला जो मान मिळाला तो पिसवेला मिळायला एवढी वर्षं का लागली, असं सिमाँना वाटलं असेल तर नवल नाही.

नंतर मार्टिनिक बेट, मग तुर्कस्तानात इस्तंबूल, पहिल्या महायुद्धात पुन्हा इंडोचायना. १९१७ मध्ये निवृत्ती. उरलेली तीस वर्षं त्यांनी फ्रान्समधल्या व्हालाँस शहरात काढली, जन्मगावापासून फार लांब नाही. ३ मार्च १९४७ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी ते गेले. त्यांनी जिथं शोध लावला ती मुंबई आणि कराची ही दोन शहरं आणखी पाच महिन्यांनी दोन वेगळ्या देशांत गेली.

मामल्यात काय झालं?

१९९४ च्या बीडमधल्या साथीचा दुवा काही अभ्यासकांनी भूकंपाशी जोडला. भूकंपाच्या भीतीनं लोकांनी घरं सोडली, घरात धान्य तसंच राहिलं, रिकाम्या घरांत उंदरांना मोकळं रान मिळालं, असं ते म्हणणं. त्यानंतर लगेच सुरतमध्ये फुप्फुसाचा प्लेग आला, तो थेट खोकल्यातून पसरतो. लाखो लोक शहर सोडून निघाले, देशभरात पन्नासहून जास्त मृत्यू झाले. बीडमध्ये मात्र गाठीचा ताप वेळेत ओळखला गेला आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांनी रुग्ण बरे झाले.

अशा साथीत आरोग्य खात्याचा एक नियम असतो, आणि तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. उंदीर लगेच मारायचे नाहीत. आधी बिळांच्या तोंडाशी, घराच्या कडेनं, उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकायची. पिसवा मेल्या की मगच उंदरांच्या औषधाकडे वळायचं. आधी उंदीर मारले तर हजारो भुकेल्या पिसवा एकदम मोकळ्या होतील आणि जवळचं गरम अंग शोधतील. ताजा मेलेला उंदीर हातानं उचलायचा नाही, हेही त्याच कारणानं. चिमट्यानं किंवा लांब काठीनं ढकलायचा, वर रॉकेल किंवा कीटकनाशक टाकायचं, मग पुरायचा.

गावात एकदम बरेच उंदीर मरताना दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणं आजही तितकंच गरजेचं आहे. कळवायचं ते उंदीर पडायला लागल्याबरोबर, माणसांना गाठी यायची वाट न बघता.